धिंगरी काढल्यावर उरलेले काड गायीला घालावे का?

माळरान
५ जानेवारी, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी.

आम्ही माण तालुक्यातले. घरी पाच गायी आहेत, त्यांपैकी तीन संकरित आणि दोन खिल्लार. पाण्याची बाजू पहिल्यापासून तोकडी असल्यामुळे डिसेंबर उलटला की ओला चारा संपत येतो आणि पुढचे पाच-सहा महिने सारी भिस्त ज्वारीच्या कडब्यावर आणि गव्हाच्या काडावर असते. गेल्या वर्षापासून पत्नीच्या बचत गटाने जुन्या पडवीत धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) लावायला सुरुवात केली आहे. गव्हाचे काड रात्रभर भिजवायचे, गरम पाण्यातून काढायचे, निथळून पिशव्यांत थरांनी भरायचे आणि प्रत्येक थरावर स्पॉन, म्हणजे अळिंबीचे बियाणे, पेरायचे, अशी त्यांची पद्धत आहे. तीन तोडे झाले की पिशवीतले काड आम्ही आजवर उकिरड्यावर टाकत आलो.

गेल्या आठवड्यात आमची एक गाय दावे सोडवून थेट उकिरड्यावर गेली आणि गव्हाणीत कडब्याची कुट्टी पडलेली असताना तिने ते टाकलेले काड मन लावून खाल्ले. मी त्यातले मूठभर काड उचलून पाहिले. मूळचे काड पिवळे, चकचकीत आणि इतके चिवट असते की पिळले तरी तुटत नाही. हे काड पांढुरके पडले होते, वजनाला हलके लागत होते आणि दोन बोटांत धरून दाबले की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे सुटत होते. वासही ताज्या अळिंबीचा होता, कुजकट नव्हता.

तेव्हापासून मनात दोन प्रश्न आहेत. हे काड गायीला नेमाने घालणे योग्य आहे का, हा पहिला. आणि बुरशी जर काडाला इतके मऊ करत असेल, तर अळिंबीसाठी नव्हे, खास वैरणीसाठीच काडावर बुरशी वाढवता येईल का, हा दुसरा. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.


घोडनदी
५ जानेवारी, रात्री १०.०२

आमच्या शेळ्यांना आम्ही वर्षभर हे काड थोडे थोडे घालत आहोत. त्रास झालेला नाही, पण दूध किंवा वजन वाढल्याचेही ठामपणे सांगता येणार नाही, कारण आम्ही मोजले नाही.


चारापाणी
६ जानेवारी, सकाळी ७.३०

माळरान, तुमच्या बोटांना जे जाणवले तोच या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो. माझी सारी नोकरी पशुआहाराच्या क्षेत्रात गेली.

काडाच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज असते. हे दोन्ही पदार्थ साखरेच्या साखळ्यांचे बनलेले असतात आणि गायीच्या कोटीपोटातले (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) सूक्ष्मजीव त्यांपासून तिच्यासाठी ऊर्जा तयार करतात. अडचण लिग्निनची असते. लिग्निन या साखळ्यांना असे वेढून बसते की सूक्ष्मजीवांना आत शिरायला जागाच मिळत नाही. लिग्निन फोडण्याच्या रासायनिक क्रियेला प्राणवायू लागतो आणि कोटीपोटात तो जवळजवळ नसतो. म्हणजे गायीने कितीही रवंथ केले तरी लिग्निन तिच्या पोटात फुटत नाही. गव्हाच्या काडाची पचनीयता चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर अडते, त्याचे मुख्य कारण हेच. उरलेला निम्म्याहून अधिक भाग शेणावाटे बाहेर जातो.

जे पोटात होत नाही ते बाहेर करून घ्यावे, हा बुरशीमागचा विचार आहे. जंगलात पडलेल्या लाकडाला ‘पांढरी कुज’ लागते, ती करणाऱ्या बुरशींना लिग्निन फोडता येते. धिंगरी त्याच गटातली आहे. तिची विकरे (एन्झाइम) लॅकेज आणि मँगनीज पेरॉक्सिडेज या नावांनी ओळखली जातात. ही विकरे आकाराने मोठी असल्यामुळे भिंतीत सहज शिरू शकत नाहीत, म्हणून त्यांनी तयार केलेले छोटे क्रियाशील रेणू आधी आत जातात आणि लिग्निनची वीण उसवतात. म्हणूनच बाजारातले विकर आणून काडावर शिंपडले तर जिवंत बुरशीसारखा परिणाम मिळत नाही.

आता हिशेबाची बाजू सांगतो, कारण उत्साहाच्या भरात तीच सुटते. बुरशी लिग्निनवर जगत नाही. तिला ऊर्जा लागते ती साखरेची, आणि साखर आहे सेल्युलोज-हेमिसेल्युलोजमध्ये, म्हणजे गायीच्या वाट्याच्या अन्नात. समजा १०० किलो सुके काड आहे आणि त्याची पचनीयता ४५ टक्के आहे, तर गायीच्या अंगी लागणारा भाग ४५ किलो झाला. बुरशीने त्यातला १५ किलो शुष्क पदार्थ खाऊन हवेत सोडला आणि उरलेल्या ८५ किलोची पचनीयता ५५ टक्क्यांवर नेली, तर पचनीय भाग होतो पावणेसत्तेचाळीस किलो. एवढा खटाटोप करून मिळाले पावणेदोन किलो. बुरशीने १५ ऐवजी २५ किलो खाल्ले असते, तर उलट पावणेचार किलो गमावले असते. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण प्रत्यक्षातले चित्र याच जातीचे असते.

तरीही या पद्धतीला अर्थ आहे. गायीचे पोट मर्यादित असते. ४०० किलो वजनाची गाय दिवसाला सहा किलोच्या आसपास काड खाते. ते ४५ टक्के पचणारे असेल तर तिला २ किलो ७०० ग्रॅम मिळतात आणि ५५ टक्के पचणारे असेल तर ३ किलो ३०० ग्रॅम. म्हणजे गंजीचा हिशेब आणि गव्हाणीचा हिशेब वेगळा निघतो. काड मुबलक असून जाळले जात असेल, तर बुरशीने त्यातला वाटा खाल्ला तरी चालते. दुष्काळात जिथे एकेक पेंढी मोजून टाकावी लागते, तिथे बुरशीला वाटेकरी करून घेणे परवडत नाही. आपला माण तालुका या दोहोंपैकी कुठे बसतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.


माळरान
६ जानेवारी, दुपारी १.१५

चारापाणी काका, मनापासून आभार. गंजीचा आणि गव्हाणीचा हिशेब वेगळा असतो हे इतक्या स्पष्टपणे कोणी सांगितले नव्हते. २०१८-१९ च्या दुष्काळात आमची जनावरे चारा छावणीत होती आणि उसाच्या वाढ्यांवर दिवस काढले होते. त्या वर्षी कोणी सांगितले असते की तुझ्या वैरणीतला सातवा हिस्सा बुरशीला दे, तर मी ऐकून घेतले नसते. परंतु गेल्या दोन वर्षांत गहू बरा झाला आणि शेजारच्या गावांत काड बांधावर पडून राहिले, हेही खरे आहे.


कृष्णाकाठ
६ जानेवारी, रात्री ८.४५

सर्वांच्या मतांचा आदर ठेवून सांगतो की एवढ्या लांबच्या वाटेने जाण्याची गरज नाही. युरिया प्रक्रिया हा सिद्ध झालेला मार्ग आहे. १०० किलो काडाला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडायचा, प्रत्येक थर पायाने दाबायचा, वरून प्लास्टिकचा कागद घट्ट झाकायचा आणि २१ दिवस उघडायचे नाही. आत अमोनिया तयार होतो, काड मऊ पडते, कच्ची प्रथिने तीन-चार टक्क्यांवरून सात-आठ टक्क्यांपर्यंत जातात आणि काडाचे वजन घटत नाही. आम्ही अकरा वर्षे करत आहोत. काढल्यावर दोन-तीन तास पसरून ठेवले की उग्र वास जातो आणि जनावरे आठवडाभरात सरावतात.

एक सावधगिरी मात्र जीव तोडून सांगतो. पहिल्या वर्षी युरियाच्या पाण्याची बादली मी गोठ्याच्या दाराशी ठेवून जेवायला गेलो. परत आलो तेव्हा कालवड बादलीत तोंड घालून उभी होती. पोट फुगले, अंगाला कंप सुटला आणि डॉक्टर पोहोचण्याआधी ती गेली. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हे काड घालूच नये आणि युरियाचे पाणी क्षणभरही उघडे ठेवू नये.


चारापाणी
७ जानेवारी, सकाळी ६.५०

कृष्णाकाठ यांचे म्हणणे शंभर टक्के मान्य आहे. साध्या गोठ्यासाठी आजही माझी पहिली शिफारस युरिया प्रक्रियेचीच राहील.

या दोन्ही वाटा एकत्र करण्याचा प्रयत्न आपल्या देशात झालेला आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात जी पद्धत विकसित झाली, ती ‘कर्नाल पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आधी काडाला युरिया प्रक्रिया द्यायची आणि मग त्यावर कोप्रिनस फिमेटारियस ही बुरशी वाढवायची. युरियातून सुटणारा बराचसा अमोनिया एरवी हवेत उडून जातो. बुरशीने तो धरून आपल्या अंगातली प्रथिने करावीत आणि ती गायीला मिळावीत, अशी कल्पना होती. प्रथिने वाढली. मात्र बुरशीने पचनीय भागही खाल्ला, आणि ओलावा, तापमान, स्वच्छता यांची जी शिस्त लागत होती ती गोठ्यावर टिकवणे अवघड गेले. त्यामुळे पद्धत पुस्तकांत राहिली आणि खेड्यापाड्यांत युरिया प्रक्रिया पोहोचली.


अळिंबीघर
७ जानेवारी, सकाळी ११.२०

काका, आपण कोप्रिनसचा उल्लेख केला आणि मी चकित झाले. आम्ही नाशिकजवळ नऊ वर्षे धिंगरी पिकवतो. पिशवीत काड नीट निवलेले नसेल किंवा त्यात कोणी कोंबडखताचा अंश मिसळला असेल, तर धिंगरीच्या आधी बारीक देठाच्या करड्या छत्र्या उगवतात. त्या सकाळी उभ्या असतात आणि संध्याकाळपर्यंत काळी शाई होऊन ठिबकतात. आमच्या बायका त्यांना ‘शाईच्या छत्र्या’ म्हणतात आणि दिसल्या की पिशवी बाजूला काढतात. ती कोप्रिनसच ना?


चारापाणी
७ जानेवारी, दुपारी १२.०५

होय ताई, त्याच कुळातली. अमोनिया असलेल्या जागी बहुतेक बुरशी तग धरत नाहीत, पण ही धरते. तुमच्या शेडमध्ये ती तण ठरते आणि कर्नालला नेमक्या त्याच गुणामुळे तिची निवड झाली.


अळिंबीघर
७ जानेवारी, दुपारी ३.४०

आता माळरान यांच्या पहिल्या प्रश्नावर एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट सांगते. काडाचे निर्जंतुकीकरण कसे केले हे माहीत नसताना उरलेले काड जनावराला घालू नये. आपल्या राज्यात अनेक ठिकाणी इंधन वाचवण्यासाठी काड कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि फॉर्मॅलिन मिसळलेल्या पाण्यात सोळा ते अठरा तास बुडवून ठेवतात. अळिंबीच्या पिकासाठी ही पद्धत सांगितली जाते, पण ते काड पुढे गायीच्या पोटात जाईल असे गृहीत धरून ती बसवलेली नाही. शिवाय शेडमध्ये माशीसाठी औषध फवारले जाते, तेही पिशवीवर पडते. तुमच्या गटाने गरम पाण्याची पद्धत ठेवली आहे हे फार चांगले आहे. पाणी ऐंशी अंशांच्या आसपास तासभर टिकते का, एवढे तपासा.

दुसरे असे की तीन तोड्यांनंतरची पिशवी जुनी झालेली असते. तिच्या तळाला पाणी साचते, कोपऱ्यात हिरवी बुरशी धरते. तुमच्या गायीने खाल्ले ते काड नशिबाने स्वच्छ निघाले.


गुरांचा डॉक्टर
७ जानेवारी, रात्री ९.३०

अळिंबीघर ताईंनी हिरव्या बुरशीचा विषय काढला, त्याला जोडून लिहितो. लातूर-धाराशिव भागात माझी पशुवैद्यकीय सेवा आहे.

‘बुरशीने वैरण सुधारते’ हे वाक्य अर्धवट ऐकून कोणी बुरशी लागलेला कडबा गायीसमोर टाकला, तर अनर्थ होईल. पावसात भिजलेल्या गंजीत आपोआप येणारी काळी, हिरवी, पिवळी बुरशी आणि स्पॉन पेरून वाढवलेली धिंगरी यांचा परस्परांशी काही संबंध नाही. ॲस्परजिलस जातीच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करतात. भुईमुगाची किंवा सरकीची पेंड ओलसर राहिली की हा धोका सर्वांत जास्त असतो. गायीच्या यकृतात या विषाचे रूपांतर होऊन त्याचा अंश दुधात उतरतो आणि दूध उकळल्याने तो जात नाही. आपल्या देशातील अन्नसुरक्षा नियमांनुसार एका किलो दुधात त्याची मर्यादा अर्धा मायक्रोग्रॅम आहे. यावरून धोक्याची कल्पना यावी.

उत्तर भारतात भाताच्या पेंढ्यामुळे ‘डेगनाला’ नावाचा रोग होतो. हे नाव आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबच्या भागातील एका नाल्यावरून पडले आहे. पेंढा ओला राहून त्यावर फ्युजेरियम आणि तत्सम बुरशी वाढतात, आणि असा पेंढा खाणाऱ्या म्हशींच्या शेपटीचे टोक, कानांच्या कडा आणि खुरांच्या वरचा भाग रक्तपुरवठा थांबून काळा पडतो, सुकतो, कधी गळूनही जातो. रोग थंडीच्या महिन्यांत दिसतो.

म्हणून माझा नियम साधा आहे. काड सर्वत्र सारखे पांढरे असावे आणि वास अळिंबीचा यावा. काळा, हिरवा, नारिंगी असा एकही डाग दिसला किंवा कुबट वास आला, तर ती पूर्ण पिशवी खतात जावी. डाग कापून उरलेले घालू नये, कारण विष डागापुरते थांबत नाही. गाभण गायींना आणि लहान वासरांना हे काड अजिबात देऊ नये.


उडवी
८ जानेवारी, सकाळी ८.१०

संगमेश्वरहून लिहीत आहे. आमच्याकडे गहू नाही, ज्वारी नाही. भाताचा पेंढा आहे आणि तो उडवी रचून वर्षभर ठेवतात. धिंगरी पेंढ्यावर चांगली येते हा माझा अनुभव आहे, परंतु उरलेला पेंढा आमच्या बैलांनी फारसा आवडीने खाल्ला नाही. पेंढ्याला गव्हाच्या काडाइतका लाभ होतो का?


चारापाणी
८ जानेवारी, सकाळी ९.००

पेंढ्याची अडचण थोडी निराळी आहे. त्यात लिग्निन गव्हाच्या काडापेक्षा कमी असते, पण सिलिका फार असते. पेंढ्याच्या पात्यावरून बोट उलटे फिरवले की जी धार लागते ती सिलिकेची. बुरशी लिग्निन फोडते, पण सिलिकेला ती हात लावू शकत नाही. उलट बुरशीने सेंद्रिय भाग खाऊन टाकल्यावर मागे उरलेल्या पेंढ्यात सिलिकेचे प्रमाण वाढलेले दिसते. पेंढ्यासाठी युरिया प्रक्रिया, सोबत पेंड आणि खनिज मिश्रण, हाच मार्ग धरावा.


पूर्वाई
९ जानेवारी, रात्री ११.५०

मी मूळची सोलापूरची. सध्या नेदरलँड्समध्ये वागेनिंगेन येथे शिकते. येथील विद्यापीठात या विषयावर बरीच वर्षे काम झाले आहे, त्यामुळे माळरान यांच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिण्याचे धाडस करते.

कोणती बुरशी घ्यायची यावर सारे अवलंबून आहे. पांढरी कुज करणाऱ्या सगळ्या बुरशी एकसारख्या वागत नाहीत. फॅनरोकीट क्रायसोस्पोरियम ही बुरशी वेगाने वाढते आणि उष्णताही सहन करते, पण ती लिग्निनबरोबर सेल्युलोजही फस्त करते, त्यामुळे जनावराच्या हाती फारसे काही उरत नाही. याउलट सेरिपोरिऑप्सिस सबव्हर्मिस्पोरा ही बुरशी निवडून लिग्निन फोडते आणि सेल्युलोजला त्या मानाने कमी हात लावते. शिताके अळिंबीचे काही वाणही असे वागतात. येथील प्रयोगांत गव्हाच्या काडावर २४ अंश तापमानात सात आठवडे बुरशी वाढवली, तेव्हा लिग्निन लक्षणीय घटले आणि कोटीपोटातील द्रवाबरोबर केलेल्या चाचणीत काडाचे आंबवण अधिक झाले. बुरशी वाढलेले काड हवाबंद करून मुरघासासारखे साठवता येते, हेही तपासले गेले आहे.

परंतु चोवीस अंश आणि सात आठवडे हे शब्द माण तालुक्याच्या एप्रिल महिन्याशेजारी ठेवून पाहावेत. बुरशी श्वसन करते, त्यातून उष्णता निघते, आणि ढीग मोठा असेल तर मध्यभागी काड इतके तापते की बुरशी स्वतःच मरते व उष्णता मानवणाऱ्या इतर बुरशी तिची जागा घेतात. पाच किलोच्या पिशवीत जे जमते ते पाच टनांच्या ढिगात जमत नाही, ही येथील संशोधकांचीही खरी डोकेदुखी आहे.

एक विलक्षण गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दक्षिण चिलीमधील पावसाळी अरण्यांत पडलेल्या झाडांचे ओंडके गॅनोडर्मा जातीच्या बुरशीमुळे वर्षानुवर्षे कुजून पांढरे, स्पंजासारखे मऊ होतात. तेथील लोक या लाकडाला ‘पालो पोद्रिदो’, म्हणजे कुजलेले लाकूड, म्हणतात आणि ते गुरांना खाऊ घालतात. थंड, ओलसर हवेत बुरशीने लिग्निन जवळजवळ संपवलेले असते. लाकूड खाणारी गाय ही कल्पना आपल्याला पटत नाही, पण तिथे ती कुणालाच नवी नाही.


मांडवीकांठ
१० जानेवारी, सकाळी १०.१५

पूर्वाई यांनी चिलीचे उदाहरण दिले, तसे एक आपल्या पायाखालीही आहे. गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर जी अळमी उगवते आणि जिच्यासाठी लोक पहाटे रानात जातात, ती वाळवीने पिकवलेली असते. ही वाळवी सुके लाकूड आणि पाने चावून वारुळात आणते, त्यांचे मधाच्या पोळ्यासारखे गठ्ठे रचते आणि त्यांवर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढवते. बुरशीने लिग्निन मोडून मऊ केलेला भाग वाळवी खाते. म्हणजे जे आपल्याला स्वतःच्या पोटात पचत नाही ते बाहेर बुरशीकडून पचवून घ्यायचे, हीच युक्ती. वारुळात ती तापमान आणि ओलावा किती काटेकोर राखते हे पाहिले, म्हणजे पूर्वाई यांनी सांगितलेली ढिगाची अडचण का येते ते लक्षात येते. तेवढी निगा आपण गंजीची राखू शकत नाही.

माझी विनंती एवढीच आहे की पावसाळ्यात वारुळे खणून ही अळमी ओरबाडू नये. ती अजून शेडमध्ये पिकवता येत नाही.


गुरांचा डॉक्टर
१० जानेवारी, दुपारी २.३०

पोटाबाहेरच्या बुरशीविषयी पुष्कळ झाले, आता पोटातल्या बुरशीविषयी थोडे. गायी-म्हशींच्या कोटीपोटात मुळातच बुरशी असते. तिथे प्राणवायू नसल्यामुळे बुरशी असणार नाही असे पूर्वी मानले जाई आणि तिचे पोहणारे बीजाणू दिसले तरी ते आदिजीव समजले जात. १९७५ मध्ये इंग्लंडमधील ऑर्पिन यांनी दाखवून दिले की ते बुरशीचे बीजाणू आहेत. ही बुरशी लिग्निन पचवत नाही, पण आपली मुळांसारखी तंतुजाळे काडाच्या तुकड्यात घुसवून तो आतून फोडते, आणि त्या भेगांतून जिवाणूंना वाट मिळते. आपल्याकडे बरेलीजवळील इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत नीलगायीच्या पोटातील अशी बुरशी म्हशींना देऊन पचन तपासण्याचे प्रयोग झाले आहेत.

गोठ्यावर उपयोगी पडेल ते असे की ही पोटातली बुरशी तंतुमय चाऱ्यावर वाढते आणि तिला गंधक लागते. नुसत्या सुक्या काडावर असलेल्या जनावराला गंधक असलेले खनिज मिश्रण रोज मिळाले, सोबत थोडी पेंड आणि स्वच्छ पाणी भरपूर मिळाले, तर त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव आहे तेच काड अधिक चांगले पचवतात. माझ्या भागात दहा गोठ्यांपैकी सात-आठ ठिकाणी हेच मिळत नाही, आणि मालक मात्र नव्या पावडरीची चौकशी करतात.


सोयापट्टा
१० जानेवारी, रात्री ८.२०

डॉक्टरसाहेबांशी सहमत आहे, पण एका मुद्द्यावर वेगळे मत मांडते. आमच्या हिंगोली भागात सोयाबीनचे भुसकट मळणीनंतर शेतातच पेटवून देतात. त्यात लिग्निन गव्हाच्या काडापेक्षाही जास्त, त्यामुळे जनावरे पाने-शेंगांची टरफले निवडून खातात आणि देठ गव्हाणीत तसेच ठेवतात. चारापाणी काकांनी सांगितलेला ‘मुबलक असून जाळले जाते’ हा निकष इथे तंतोतंत लागू होतो. जे जळणारच आहे, त्यातला पाचवा हिस्सा बुरशीने खाल्ला तर बिघडले काय? बचत गटांनी भुसकटावर धिंगरी घ्यावी, अळिंबी विकावी आणि उरलेले जनावरांना घालावे. बायकांच्या हातात पैसा येईल, हा लाभ पचनीयतेच्या टक्केवारीत दिसत नाही.


चारापाणी
११ जानेवारी, सकाळी ७.१५

सोयापट्टा ताई, आपला मुद्दा मोलाचा आहे आणि मी तो मान्य करतो. फक्त एक गाठ सोडवायची राहते. बुरशी काडात पसरत असते त्या काळात तिची लिग्निन फोडणारी विकरे जोरात असतात. छत्री धरण्याची वेळ आली की तिला भरपूर ऊर्जा लागते आणि ती सेल्युलोजवर तुटून पडते. त्यामुळे पिशवी पूर्ण पांढरी झाली पण कळ्या धरल्या नाहीत, हा क्षण वैरणीसाठी बहुधा सर्वांत चांगला असतो, आणि नेमका तोच अळिंबीवाल्यांच्या उत्पन्नाचा आरंभ असतो. एका पिशवीतून दोन्ही लाभ पुरेपूर मिळत नाहीत. मधला मार्ग म्हणजे पहिल्या तोड्यानंतर, फार तर दुसऱ्यानंतर थांबणे. तिसऱ्या तोड्यात अळिंबी थोडी मिळते आणि हिरव्या बुरशीचा धोका वाढतो, हे अळिंबीघर ताईही सांगतील.


अळिंबीघर
११ जानेवारी, सकाळी ९.४०

अगदी बरोबर. आमच्याकडे निम्म्याहून अधिक माल पहिल्या तोड्यातच निघतो. तिसऱ्या तोड्यासाठी जागा अडवून ठेवणे व्यवसायाच्या दृष्टीनेही फायद्याचे नसते.


माळरान
२ मार्च, रात्री ८.३०

मंडळी, दोन महिने वाचत होतो आणि पडवीत करून पाहत होतो. जे झाले ते सांगतो.

गटाच्या वीस पिशव्यांपैकी सहा मी मागून घेतल्या. प्रत्येकीत दोन किलो सुके काड भरताना तराजूवर घेतले होते. तीन पिशव्या पूर्ण पांढऱ्या झाल्यावर, कळ्या दिसण्याआधी, बाविसाव्या दिवशी उघडल्या. उरलेल्या तीन पहिला तोडा काढून उघडल्या. डॉक्टरसाहेबांचा नियम पाळल्यामुळे दुसऱ्या गटातली एक पिशवी तळाच्या हिरव्या डागामुळे खतात गेली. बाकीचे काड पत्र्यावर कडक उन्हात तीन दिवस वाळवून पुन्हा तोलले. कळ्यांआधी उघडलेल्या पिशव्यांत दोन किलोचे सरासरी पावणेदोन किलो भरले आणि पहिल्या तोड्यानंतरच्या दोन पिशव्यांत दीड किलोच्या थोडे वर. काकांनी कागदावर मांडलेला हिशेब माझ्या तराजूवर उतरलेला पाहिला.

हे काड एका खिल्लार गायीला, जी गाभण नाही, रोज अर्धा किलो कुट्टीत मिसळून दिले. गव्हाणीत एक काडी मागे राहिली नाही. एरवी तिच्या शेणात काडाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दिसतात. त्या दिवसांत शेण पाण्यात कालवून चाळणीवर धुतले, तेव्हा तुकडे बारीक आणि कमी दिसले. एवढ्याशा प्रमाणात दुधावर परिणाम दिसणे शक्य नव्हते आणि तसा तो दिसलाही नाही.

पत्नीने दुसरा हिशेब मांडला. कळ्यांआधी उघडलेल्या तीन पिशव्यांतून जी अळिंबी मिळाली नाही, तिच्या किमतीत गायींसाठी जेवढी सरकी पेंड आली असती, तेवढा लाभ त्या काडातून कधीच मिळाला नसता. त्यामुळे असे ठरले आहे की पिशव्या अळिंबीसाठीच राहतील, दुसऱ्या तोड्यानंतर उघडल्या जातील, आणि स्वच्छ निघालेले काड वाळवून दोन खिल्लार गायींच्या कुट्टीत मिसळले जाईल. संकरित दुभत्या गायींसाठी कृष्णाकाठ दादांच्या पद्धतीने पाच क्विंटल काडाला काल युरिया प्रक्रिया दिली. बादली गोठ्यात नेलीच नाही, सारे काम खळ्यावर केले आणि पाणी उरू दिले नाही. खनिज मिश्रणही सुरू केले आहे.

एक शंका राहिली आहे. वाळवलेले काड पावसाळ्यापर्यंत पोत्यांत ठेवले तर त्यात ओल धरेल का?


अळिंबीघर
२ मार्च, रात्री ९.०५

धरेल. या काडाला पाणी ओढण्याची खोड असते, साध्या काडापेक्षा लवकर ओलसर होते. मेअखेरपर्यंत संपवा. उरलेच तर जूनच्या पहिल्या सरीआधी शेतात पसरून टाका, साठवून ठेवू नका.


कृष्णाकाठ
२ मार्च, रात्री ९.२०

माळरान, कागदाच्या कडा मातीने दाबल्या आहेत ना? आज रात्री वारा आहे. एकदा उठून पाहून या.


माळरान
२ मार्च, रात्री ९.५५

आत्ताच पाहून आलो दादा. एका बाजूने सुटला होता. दगड आणि माती टाकून नीट दाबला आहे. २२ तारखेला उघडून लिहितो.